हेल्मेट धुणाऱ्याला क्षमा नाही

चष्मेवाल्याला लोक घाबरतात, यावर त्याच्या बायकोचा कधीच विश्वास बसला नाही. घरात त्याला कुणी भीक घालत नसे. इस्त्रीवालासुद्धा आख्ख्या इमारतीचे कपडे झाले की मग सवडीने त्याच्या शर्टांकडे वळायचा. पण महिन्यातून एका रविवारी, मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर, हाच माणूस एखादं गंजकं हेल्मेट उचलून नाकाशी न्यायचा, तेव्हा खोलीतली चांगली पोराबाळांची माणसं श्वास रोखून बसायची.

मंडळाचं नाव होतं ‘शिरस्त्राण अभ्यास मंडळ’. शिरस्त्राण हा शब्द फक्त दारावरच्या पाटीवर होता. आत आल्यावर सगळे हेल्मेटच म्हणत. सभासद मोजके: एक बँक मॅनेजर, एक फरशीवाला, एक दातांचे डॉक्टर आणि ज्यांचं नाव सांगण्यासारखं काही नाही असे आणखी काही जण. अध्यक्षांना सगळे कर्नल म्हणत. कर्नलसाहेब सैन्यात कधीच नव्हते. ते एका गाद्यांच्या कंपनीत विक्रीप्रमुख होते. पण त्यांना मिशा होत्या, आणि मंडळात मिशा तपासायची पद्धत नव्हती.

हेल्मेटं मात्र कसून तपासत. महायुद्धातलं म्हणून जे काही बाजारात येतं, त्यातलं निम्मं गेल्या वर्षी कुठल्यातरी शेडमध्ये बनलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं; आपल्या घरात आहे ते उरलेल्या निम्म्यातलं, हेही सगळ्यांना माहीत होतं. मग कडेला आतून ठोकलेला कारखान्याचा शिक्का भिंगातून बघायचा. गोळीचं भोक असेल तर त्यात करंगळी घालायची: खऱ्या गोळीने पत्रा आत वळतो, ड्रिल मशीनने नुसता गोल पडतो. गंजाचा वास घ्यायचा, कारण घाईने आणलेल्या गंजाला व्हिनेगरचा वास येतो. आणि शेवटी आतलं अस्तर हुंगायचं. खऱ्या अस्तराला घाम, चामडं, तेल आणि उंदीर यांचा वास यायला हवा, आणि तोही याच क्रमाने, असं फरशीवाल्याचं म्हणणं होतं.

मंडळाची घटना अशी काही नव्हती. एकच नियम होता: हेल्मेट धुवायचं नाही. मळ म्हणजे इतिहास. एका सभासदाने एकदा आपलं हेल्मेट ओल्या फडक्याने पुसून आणलं होतं. त्याला कुणी काही बोललं नाही. फक्त पुढच्या सभेपासून त्याची खुर्ची दाराजवळ, चपलांच्या रांगेत लागू लागली. हेल्मेट नकली निघणं हा अपघात, कुणाच्याही नशिबी येऊ शकतो. हेल्मेट धुणं हा मात्र संस्कारांचा प्रश्न मानला जाई.

चष्मेवाल्याचा दरारा सुरू झाला तो जांभळ्या दिव्यामुळे. दुकानात चष्म्याच्या काचा तपासायला त्याच्याकडे असा एक दिवा होता. एकदा त्याने तो मंडळात आणला, पडदे ओढायला लावले आणि सांगितलं, “जुन्या काळचा धागा या उजेडात काळाच राहतो. आजकालच्या धाग्यात चमक आणणारं रसायन असतं, तो निळा पेटतो. विषय संपला.”

विषय संपायला कुणीतरी लागतं. त्या दिवशी ते डॉक्टर होते. त्यांनी घरातल्यांशी भांडून मिळवलेलं हेल्मेट टेबलावर होतं. शिक्का बरोबर, पत्रा बरोबर, वजन बरोबर. दिवा लागला आणि चामड्याच्या अस्तराची शिवण निऑनचा बोर्ड लावल्यासारखी निळी पेटली. चष्मेवाला एकच शब्द बोलला, “नकली.” डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. इतरांचं उघडं तोंड रोज बघणाऱ्या माणसाला ते शोभत नव्हतं. त्यांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, मग तोंड मिटलं, हेल्मेट पिशवीत घातलं आणि म्हणाले, “असेल.”

त्यानंतर मंडळाने वर्गणीतून स्वतःचा मोठा दिवा घेतला आणि चष्मेवाल्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला. आता तर कर्नलसाहेबांनी जाहीरही केलं होतं, की त्यांची नजर पूर्वीसारखी राहिली नाही. येत्या सभेत मुख्य परीक्षकपद त्यांच्याकडून चष्मेवाल्याकडे जाईल. (त्यांची नजर उत्तम होती. चष्मा चष्मेवाल्याकडचाच होता.) रिवाज एवढाच, की नव्या परीक्षकाने आपलं एक नवं हेल्मेट सर्वांसमोर तपासून घ्यायचं.

आणि नशीब बघा, त्याच महिन्यात त्याला खरं हेल्मेट सापडलं.

सापडलं ते एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये, खिळे आणि ग्रीस यांच्या खाली. मेकॅनिक त्यात नटबोल्ट ठेवत असे. चष्मेवाल्याने ते उलटं केलं, शिक्का पाहिला आणि भाव न विचारता पाकीट काढलं. पट्टा जागच्या जागी. अस्तर जाड सुती कापडाचं, हाताने शिवलेलं, मळाने इतकं काळं झालेलं की शिवण बोटाने शोधावी लागत होती. घरी आल्यावर त्याने न्हाणीघरात जाऊन दार लावलं, जांभळा दिवा पेटवला. आत मिट्ट काळोख. एक धागा चमकला नाही. तो त्या काळोखाकडे बघत इतका वेळ उभा राहिला, की बायकोने दार वाजवून विचारलं, “बरं वाटतंय ना?”

“इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.”

“मग बाहेर ये, मला केस धुवायचेत.”

त्याने हेल्मेट जेवणाच्या टेबलावर, खाली वर्तमानपत्र घालून ठेवलं. बायको म्हणाली, “याला वास येतोय.”

“येणारच! तो घामाचा वास आहे. कुठल्यातरी सैनिकाच्या भीतीचा वास आहे तो.”

“मला मेलेल्या उंदराचा वाटला.”

“तोही असतो,” चष्मेवाला समाधानाने म्हणाला.

त्याच आठवड्यात सासरे राहायला आले. सासरेबुवांनी सगळी हयात एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात काढली होती, शेवटची वर्षं प्रमुख म्हणून. सासरेबुवा निवृत्त झाले होते. डाग मात्र त्यांच्या लेखी अजून ड्यूटीवर होते. कुणाच्याही घरी गेले की यजमानांची तब्येत विचारण्याआधी उशांचे अभ्रे उलटून बघत. कपड्यांची पिशवी छोटी आणि पावडरीची मोठी, असा त्यांचा प्रवास. ती पावडर ते स्वतः मिसळत. तिने धुतलेली चादर उन्हात बघायला डोळे बारीक करावे लागत. “डॉक्टर बदलले, पेशंट बदलले,” ते सांगत, “पण आपल्या चादरीवर कुणी बोट ठेवलं नाही. ठेवलं असतं तर उमटलं असतं.”

शनिवारी संध्याकाळी चष्मेवाला दुकानातून घरी आला. टेबलावर नुसतं वर्तमानपत्र होतं.

“हेल्मेट कुठाय?”

“गॅलरीत,” बायको म्हणाली, पण त्याच्याकडे न बघता. तो चपला न काढताच तिकडे धावला.

गॅलरीत दोरीवर दोन अभ्रे होते आणि त्यांच्या मधोमध, हनुवटीच्या पट्ट्याला चिमटे लावून, महायुद्ध वाळत घातलेलं होतं. ते संध्याकाळच्या वाऱ्यावर हळूहळू हलत होतं. अस्तर पांढरंशुभ्र होतं. त्याला कसलाही वास येत नव्हता. नाही, येत होता: ताज्या टॉवेलचा.

सासरेबुवा मागून आले, हात पुसत. “जावईबापू, काय पाणी निघालं म्हणता! आधी काळं, मग तपकिरी, मग काहीतरी हिरवं. मी आयुष्यात असा मळ पाहिला नाही. रात्रभर भिजत घालायला हवं होतं, पण म्हटलं उद्या तुमचा कार्यक्रम, चारचौघांत असं घाणेरडं कसं न्यायचं? दात घासायच्या ब्रशने शिवणी घासून काढल्या. जुन्या ब्रशने हो, तुमच्या नव्हे.”

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. दारात उभ्या बायकोने भुवया अशा वर केल्या, की त्याने ते पुन्हा मिटलं.

“छान झालंय,” तो म्हणाला.

“छान? अहो, ऑपरेशन थिएटरमध्ये चालेल!”

न्हाणीघराचं दार लावून त्याने जांभळा दिवा पेटवला. हेल्मेट आतून असं पेटलं, की न्हाणीघराच्या फरश्या, बादली, त्याचा स्वतःचा चेहरा, सगळं निळं झालं. डॉक्टरांची ती एक शिवण याच्यापुढे काजवा होती. ही जत्रा होती.

मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि तो या निळ्या उजेडापेक्षा वाईट होता. खरं हेल्मेट धुतलं की पेटतं. म्हणजे जे पेटतं ते नकलीच, असं नाही. म्हणजे डॉक्टरांचं...

त्याने दिवा विझवला.

बायको बाहेर वाट बघत होती. “आता काय करणार?”

“दोनच रस्ते आहेत. उद्या सांगायचं, हेल्मेट खरं आहे, पण धुतलंय. मग माझी खुर्ची चपलांत. वर दिव्याचीही अब्रू गेली, आणि दिव्यावर उभी असलेली माझीही. नाहीतर सांगायचं, मी फसलो, हेल्मेट नकली आहे. फसलेल्या परीक्षकाला लोक मोठ्या मनाचा म्हणतात. पद मिळेल.”

“पण हेल्मेट खरं आहे ना?”

“शंभर टक्के.”

“आणि तू ते नकली म्हणणार.”

“तसं म्हटलं तर...”

“म्हटलं तर काय? हेल्मेटाच्या वासावरून तुला सैनिकाची भीती कळते,” बायको म्हणाली, “स्वतःची कळत नाही का?” आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बायकोचं हे फार वाईट होतं. बोलून झालं की ती थांबत नसे, त्यामुळे उत्तर द्यायला समोर भांडी उरत.

रविवारी सासरेबुवा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार होते. “मीही येतो. लोक काय म्हणतात बघायचंय.” त्यांना नको म्हणण्याची हिंमत मुख्य परीक्षक होऊ घातलेल्या माणसात नव्हती.

मंडळाच्या खोलीत त्या दिवशी पूर्ण हजेरी होती. रिवाजाप्रमाणे बहुतेकांनी आपलं सर्वात लाडकं हेल्मेट आणून मांडीवर घेतलं होतं. पाहुण्याला वाटावं, डॉक्टरकडे लस द्यायला पोरं आणलीत. टेबलावर चष्मेवाल्याचं जुनं हेल्मेट होतं. तो मंडळाचा नमुना. संशयित हेल्मेट नेहमी त्याच्या शेजारी ठेवून ताडून बघत. त्याच्या खरेपणाबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता. नवं हेल्मेट बाजूला ठेवल्यावर खोलीत कुजबुज झाली.

“जरा जास्तच... टापटीप आहे,” बँक मॅनेजर म्हणाला.

फरशीवाल्याने नाक आत घातलं आणि गोंधळून बाहेर काढलं. “लिंबू?”

“पडदे,” कर्नलसाहेब म्हणाले.

दिवा लागला. खोली निळी झाली. अगदी कोपऱ्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या पाट्यासुद्धा वाचता येऊ लागल्या. त्या उजेडात चष्मेवाल्याला समोर डॉक्टरांचा चेहरा स्पष्ट दिसला. डॉक्टर हसत नव्हते. हसले असते तर बरं झालं असतं. ते नुसते त्याच्याकडे, दाढ काढायच्या आधी बघतात तसे, बघत होते.

चष्मेवाल्याने घसा साफ केला. “मंडळी, कबूल करतो. मी फसलो. हे हेल्मेट...” तो थांबला, मग घाईघाईने म्हणाला, “नकली आहे.”

“वा!” कर्नलसाहेब गहिवरून म्हणाले. “याला म्हणतात निःपक्षपातीपणा! स्वतःच्या हेल्मेटलाही...”

“नकली?” मागून आवाज आला. सासरेबुवा उभे राहिले होते. “कोण म्हणतं नकली? अहो, पाऊणशे वर्षांचा मळ काढलाय मी त्यातून! नव्या मालाला एवढा मळ असतो? या हातांनी धुतलंय!”

‘धुतलंय’ हा शब्द खोलीत पडला आणि सगळ्यांनी आपापली हेल्मेटं छातीशी धरली.

“धु...” कर्नलसाहेबांना तो शब्द पुरा करवेना. “तुम्ही? कशाने?”

“माझ्या पावडरीने. तीच तर चमकतेय! रुग्णालयात नवीन पोरांना मी असाच दिवा लावून दाखवायचो, कुठली चादर आपली आणि कुठली बाहेरची. आपली पेटते, बाहेरची नाही. हा दिवा नकली-बिकली काही सांगत नाही साहेब, हा दिवा फक्त धुलाई सांगतो.”

आता सगळ्यांचं लक्ष चष्मेवाल्याकडे वळलं. तो दिव्याकडे बघत होता, कारण माणसांकडे बघायची सोय नव्हती. बँक मॅनेजर म्हणाला, “हे म्हणतात ते खरं कशावरून? पुरावा काय?”

“पुरावा सोपा आहे,” सासरेबुवा म्हणाले. त्यांची पिशवी सोबत होतीच. “तुम्हाला खात्रीचं वाटतं असं एक हेल्मेट द्या. काळं आहे ना दिव्याखाली? मी धुतो. पेटलं तर मी खरा.”

खोलीत अशी शांतता पसरली, की खालच्या गाडीत शिकाऊ माणूस गिअर शोधत होता तेही ऐकू आलं.

“कल्पना तत्त्वतः उत्तम आहे,” कर्नलसाहेब म्हणाले, आणि आपलं हेल्मेट खुर्चीखाली सरकवलं. “मॅनेजर, तुमचं कसं आहे?”

“माझं आईने दिलेलं आहे.”

“आईने? महायुद्धातलं?”

“दिलं आईने. भावना आहेत. फरशीवाले देतील.”

“मी? मी तर म्हणतो सत्य शोधायची एवढी घाई काय आहे? इतकी वर्षं चाललंच ना सगळं!”

“समिती नेमू,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. “समितीने अहवाल द्यावा.”

डॉक्टरांच्या मांडीवर आज हेल्मेट नव्हतंच. ते मोकळ्या हातांनी, समितीत कुणाला घ्यायचं यावरचा वाद ऐकत बसले होते. चष्मेवाल्याला ते रिकामे हात दिसले. त्याने मनाशी पुष्कळ हिशेब मांडून पाहिले, आणि प्रत्येकात तो परीक्षक होत होता. फक्त प्रत्येकात त्या हातांकडे न बघण्याची अट होती.

त्याने टेबलावरचं आपलं जुनं हेल्मेट उचललं. मंडळाचा नमुना. त्याच्या आयुष्यात त्याने पहिल्यांदा ओळखलेली खरी वस्तू; बायकोचा नंबर त्यानंतरचा. त्याने ते सासऱ्यांच्या हातात दिलं.

“धुवा, बाबा.”

“जावईबापू, गरम पाणी मिळेल का?”

“धुवा म्हणतोय ना!” तो ओरडला. मग हळूच म्हणाला, “माफ करा. मिळेल. खाली चहावाल्याकडे मिळेल.”

मंडळाच्या संडासाबाहेरच्या नळावर हा विधी झाला. सभासद दारात गर्दी करून उभे होते. आत कुणी येत नव्हतं आणि बाजूलाही होत नव्हतं. सासरेबुवांनी बाह्या सरसावल्या. ब्रशचा आवाज सुरू झाला. पाणी काळं झालं, तपकिरी झालं. “बघा, हिरवं आलं!” सासरेबुवा आनंदाने म्हणाले. “म्हटलं नव्हतं?” फरशीवाल्याने डोळे पुसले. चष्मेवाला मात्र शेवटपर्यंत पाणी ओतत उभा राहिला, आणि कधी ओतायचं, कधी थांबायचं, याच्या सूचना मुकाट्याने ऐकत राहिला.

पंख्याखाली वाळवून पडदे पुन्हा ओढले. दिवा लागला.

दोन्ही हेल्मेटं पेटली. शेजारीशेजारी, सख्ख्या भावांसारखी.

“म्हणजे,” चष्मेवाला अंधारात म्हणाला, “माझी पद्धत चुकीची आहे. पहिल्यापासून. हे हेल्मेट खरं आहे. आणि डॉक्टरांचं हेल्मेट मी नकली ठरवलं, ते दिव्यावरून ठरवलं. शिक्का, पत्रा, वजन सगळं बरोबर होतं. ते खरं होतं. मी चुकलो.”

पडदे उघडल्यावर त्याला वाटलं होतं, कुणीतरी शाबासकी देईल, निदान शिव्या तरी. मंडळाने त्याऐवजी चर्चा केली. दिवा चुकीचा म्हणावा, तर आजवर दिव्याने खरी ठरवलेली सगळ्यांची हेल्मेटं नुसती न धुतलेली ठरत होती. शिवाय दिवा वर्गणीतून घेतलेला, मंडळाच्या मालकीचा होता. चष्मेवाला मंडळाच्या मालकीचा नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला: दिवा योग्य आहे, दोन्ही हेल्मेटं नकली आहेत, आणि चष्मेवाल्याची खुर्ची दाराजवळ. कर्नलसाहेबांची नजर अचानक सुधारली आणि परीक्षकपदी तेच राहिले.

एकमत म्हणजे डॉक्टर सोडून. ते मतदानाच्या आधीच उठून गेले होते. चष्मेवाला दोन धुतलेली हेल्मेटं दोन हातांत धरून बाहेर पडला, तेव्हा ते जिन्यात उभे होते. सासरेबुवा चहावाल्याची किटली परत करायला पुढे गेले.

“डॉक्टर,” चष्मेवाला म्हणाला, “मी खरंच...”

“बायकोने धुतलं होतं,” डॉक्टर म्हणाले.

“काय?”

“तुम्ही दिवा लावलात ना, त्याच्या आदल्या दिवशी. माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून. मला तेव्हाच कळलं होतं का चमकतंय ते. सांगणारही होतो. पण सगळ्यांसमोर हेल्मेट धुतलं म्हणायचं?” त्यांनी मान हलवली. “त्यापेक्षा नकली बरं वाटलं.”

“मग घरी? घरी काय सांगितलंत?”

“घरीही नकलीच सांगितलं. तिला कळलं असतं तर फार लागलं असतं मनाला. त्यामुळे गेली दोन वर्षं ती मला नकली वस्तू घेणारा बावळट म्हणते. पाहुण्यांनाही सांगते. तिच्या माहेरी तर मी प्रसिद्ध आहे.”

चष्मेवाला म्हणाला, “पण आता तर सिद्ध झालं. आज घरी जाऊन सांगा ना, की खरं आहे म्हणून.”

“अहो, असं कसं सांगू?” डॉक्टर दचकून म्हणाले. “मग तिला विचारावंसं वाटेल ना, की मग ते चमकलं कशाने!”

मग डॉक्टरांनी हात पुढे केला. चष्मेवाल्याचे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या हातातलं एक हेल्मेट घेतलं, करंगळीने कडेवरचा शिक्का चाचपला आणि आत नाक घातलं.

“खरंय,” ते म्हणाले, आणि ते हेल्मेट तसंच काखेत धरून त्याच्याबरोबर जिना उतरू लागले.